आयरिसची कीड: आधी ओळख, मग उपाय

आयरिस या शोभेच्या फुलझाडावर कीड पडली आहे असे म्हणणे सोपे असते. परंतु कोणती कीड पडली आहे हे सांगता येत नाही तोवर त्या म्हणण्याचा उपयोग नसतो. या झाडाला त्रास देणाऱ्या किडींपैकी एखादी फक्त बियांपुरते नुकसान करते, एखादी पाने विद्रूप करून थांबते, आणि एक अशी आहे की ती वर्षानुवर्षे जोपासलेला वाफा एका हंगामात सडवून टाकते. या सगळ्यांवर एकच औषध मारायला निघालेले पुष्कळ बागप्रेमी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या फवारणीने मधमाश्यांचे जेवढे नुकसान होते तेवढे किडीचे होत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की नुकसान झाडाच्या कोणत्या भागावर, कोणत्या ऋतूत आणि कशा स्वरूपात दिसते, एवढे नीट पाहिले तर किडीचे नाव बहुतेक वेळा तिथेच कळते, आणि नाव कळले की उपायही निम्म्याहून अधिक ठरलेला असतो.

त्यासाठी आधी झाडाची रचना डोळ्यांसमोर असावी. बिअर्डेड आयरिसचा, म्हणजे खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखी लव असलेल्या प्रकाराचा, कंद जमिनीलगत आडवा वाढतो, त्याची पाठ मातीबाहेर उघडी असते, आणि त्याच्या टोकातून तलवारीच्या आकाराची पाने एकमेकांना तळाशी कवटाळून पंख्यासारखी वर येतात. पाने जिथे एकमेकांवर घट्ट बसलेली असतात ती जागा ओलसर, अंधारी आणि पक्ष्यांच्या चोचीपासून सुरक्षित असते. आयरिसच्या बहुतेक किडींचे घर तिथेच असते, त्यामुळे वरून पाहून झाड निरोगी ठरवणे धोक्याचे आहे. मी तपासणी नेहमी पंख्याच्या तळापासून सुरू करते आणि बाहेरची पाने हलक्या हाताने फाकवून आत पाहते.

सर्वांत जास्त लिहावे असे ज्या किडीबद्दल वाटते ती म्हणजे कंद पोखरणारी अळी, शास्त्रीय नावाने मॅक्रोनॉक्टुआ ऑनस्टा. ही मूळची उत्तर अमेरिकेतली असून तिथल्या पूर्वेकडील भागात आयरिसची सर्वांत घातक कीड मानली जाते. तिचा पतंग गडद तपकिरी रंगाचा, रात्री उडणारा आणि अल्पायुषी असतो, त्यामुळे तो आपल्या दृष्टीस क्वचितच पडतो. शरद ऋतूत मादी आयरिसच्या वाळलेल्या पानांच्या घड्यांत, जुन्या फुलदांड्यांवर आणि तळाशी साचलेल्या पालापाचोळ्यात अंडी घालते आणि मरते. संपूर्ण हिवाळा ही कीड केवळ अंड्याच्या रूपात काढते. वसंत ऋतूत नवी पाने साधारण 10 ते 15 सेंटिमीटर वाढलेली असताना अंडी फुटतात, आणि दोऱ्याएवढ्या बारीक अळ्या पानांवर चढून टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पाडून आत शिरतात. वर्षाला तिची एकच पिढी होते, आणि तिच्यावर मात करण्याची सारी शक्यता या एका गोष्टीत दडलेली आहे.

आत शिरलेली अळी पानाच्या दोन्ही पापुद्र्यांच्या मधला हिरवा गर खात खाली सरकते. बाहेरून पाहिले तर पाण्याचा ओघळ वाळावा तशी एक फिकट, अर्धपारदर्शक रेघ पानावर उभी दिसते, आणि मधल्या कोवळ्या पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसू लागतात. अशी रेघ दिसली की ते पान उन्हाच्या दिशेने धरून पाहावे. रेघेचा वरचा भाग रिकामा आणि कोरडा असतो. खाली जाताना तिच्यात बारीक, ओलसर, तपकिरी विष्ठा दिसू लागते. आणि विष्ठा जिथे सर्वांत ताजी असते त्याच्या किंचित खाली उजेडात एक आखूड गडद सावली दिसते. तीच अळी. अंगठा आणि तर्जनी यांच्यात पान धरून त्या जागी जोराने दाबले की ती पानातच चिरडते, आणि पान मात्र उभे राहते. मोजकी झाडे असलेल्या माणसासाठी या अवस्थेत यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. पान कापायचेच असेल तर रेघेच्या खालच्या टोकाच्याही खाली कापावे, कारण वर कापले तर अळी खालच्या तुकड्यात जिवंत राहते आणि पुढचा प्रवास निर्धास्त करते.

पानात दाबायची संधी काही आठवड्यांपुरतीच मिळते. उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत अळ्या पंख्याच्या तळातून कंदात उतरतात आणि तिथे झपाट्याने वाढतात. पूर्ण वाढलेली अळी सुमारे 4 ते 5 सेंटिमीटर लांब, मळकट गुलाबी रंगाची, तपकिरी डोक्याची असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या ठिपक्यांची रांग असते. या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून एका कंदात बहुधा एकच मोठी अळी सापडते. पण तेवढी एक कंद आतून पोकळ करायला पुरेशी असते. या काळात वरची लक्षणे अशी दिसतात: फुलोरा संपून गेल्यावर पंख्यातील पाने टोकाकडून पिवळी पडून वाळू लागतात, पंखा एका बाजूला कलतो, आणि तळाशी लाकडाच्या भुशासारखा ओला चुरा जमतो. पुष्कळ लोक याला पाणी कमी पडल्याचे लक्षण समजून पाणी वाढवतात, आणि अळीने उघडून ठेवलेल्या जखमेत कूज मग अधिकच वेगाने पसरते.

ही कूज जिवाणूंमुळे होते. पेक्टोबॅक्टेरियम गटातले जिवाणू अळीने केलेल्या भोकातून आत जातात आणि कंदाचा गर चिकट लगद्यासारखा करून टाकतात, तर वरची साल बरेच दिवस जशीच्या तशी राहते. बोटाने दाबल्यावर कंद आत बसला आणि असह्य दुर्गंधी आली तर निदानासाठी दुसरे काही पाहावे लागत नाही. झाड मरते ते बहुतेक वेळा या कुजीने; अळीने फक्त दार उघडलेले असते. मात्र उलट बाजूही लक्षात ठेवावी: पाणी साचणाऱ्या जमिनीत, कंद खोल पुरलेला असला, तर अळी नसतानाही कूज होते. म्हणून कुजलेला कंद उपटल्यावर तो कापून आत बोगदा आणि विष्ठा आहे का हे पाहिल्याशिवाय किडीवर दोष ठेवू नये.

उपायांमध्ये मी पहिला मान स्वच्छतेला देते, आणि तो केवळ नीटनेटकेपणाच्या आवडीपोटी देत नाही. अंडी संपूर्ण हिवाळा वाळलेल्या पानांवर असतात, म्हणजे जवळपास अर्धे वर्ष ही कीड पळू शकत नाही, लपू शकत नाही आणि खाऊही शकत नाही. कडक थंडीने पतंगांचा वावर संपल्यावर, किंवा उशिरात उशिरा वसंतातली नवी वाढ सुरू होण्याआधी, तळाची सर्व वाळलेली पाने, फुलदांडे आणि कंदांच्या मधला पाचोळा हाताने वेचून काढावा. झाड उपटले जाईल इतक्या जोराने ओढू नये. सुटी झालेली पाने बाजूला खाली ओढली की तळापासून निघतात. कंदांच्या फटीत अडकलेले लहान तुकडेही महत्त्वाचे असतात, कारण अंडी अशाच घड्यांत असतात. हा कचरा साध्या कंपोस्टच्या ढिगात टाकू नये, कारण तो ढीग अंडी मरण्याइतका तापेलच असे नसते. हे काम पतंग उडत असतानाच उरकले तर फारसा लाभ होत नाही. सफाईनंतरही मादीला अंडी घालायला वाळके पान कुठेतरी सापडतेच. आजूबाजूच्या वाफ्यांत कोणी सफाई करत नसेल तर तिथून पतंग येत राहतात. तरीही आपल्या वाफ्यातली संख्या ठळकपणे कमी होते.

दुसरी संधी फुलोऱ्यानंतर येते. बिअर्डेड आयरिसचे गुच्छ दर तीन-चार वर्षांनी खणून वेगळे करावे लागतातच, आणि त्याचा योग्य काळ म्हणजे फुले संपल्यानंतरचे दीड-दोन महिने. नेमक्या याच काळात अळ्या कंदात किंवा कोष करण्यासाठी जवळच्या मातीत असतात. खणताना प्रत्येक कंद धुऊन पाहावा. भोक दिसले तर बारीक तार आत सरकवून अळी मारता येते, पण कंद फार पोखरला असेल तर तो टाकून देणेच शहाणपणाचे. मातीत गडद तांबूस-तपकिरी, चकचकीत कोष सापडले तर तेही वेचून नष्ट करावेत. कूज लागलेला भाग चमच्याने किंवा सुरीने पांढरा, टणक गर लागेपर्यंत खरवडून काढावा, प्रत्येक कापानंतर सुरी एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवावी, आणि कंद सुकेपर्यंत उन्हात राहू द्यावेत. पुन्हा लावताना कंदाची पाठ मातीबाहेर राहिली पाहिजे.

जैविक उपायांत कीटकांना मारणारे सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी, खरोखर उपयोगी ठरतात. स्टायनर्नेमा कार्पोकॅप्सी आणि हेटेरोऱ्हॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा या दोन जाती अळीच्या शरीरात शिरतात आणि स्वतःबरोबर नेलेल्या जिवाणूंच्या साहाय्याने तिला मारतात. माणसाला किंवा झाडाला त्यांच्यापासून अपाय होत नाही. अळ्या कंदात उतरल्या असताना हे सूत्रकृमी पाण्यातून पंख्याच्या तळाशी आणि भोवतालच्या मातीत ओतावे. ते जिवंत असतात ही गोष्ट विसरून चालत नाही: ऊन आणि कोरडेपणा त्यांना मारतो, म्हणून आधी माती भिजवावी, संध्याकाळी ते द्यावेत आणि पुढचे काही दिवस ओल टिकवावी. इथे एक अडचण आहे. बिअर्डेड आयरिसच्या कंदांना सतत ओली माती मानवत नाही, त्यामुळे ओल माफक ठेवावी आणि पाण्याचा निचरा चांगला असेल तरच हा मार्ग धरावा.

रासायनिक फवारणीचा विचार करायचाच असेल तर तिची वेळ एकच असते, ती म्हणजे अंडी फुटून अळी पानात शिरण्याच्या आधीचे किंवा शिरतानाचे दिवस, पाने 10 ते 15 सेंटिमीटर असताना. स्पिनोसॅडसारखे औषध त्या वेळी उपयोगी पडते. अळी एकदा कंदात गेल्यावर वरून कितीही फवारले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आयरिसच्या पानावर मेणाचा थर असतो आणि साधे पाणी त्यावरून थेंब होऊन घसरते, म्हणून द्रावणात स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवून ठेवणारा पदार्थ, मिसळणे गरजेचे असते. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषली जाऊन आत पसरणारी, औषधे पानाच्या आतील अळीवरही काम करतात, परंतु ती मकरंदात आणि परागातही उतरू शकतात, आणि आयरिसच्या फुलात मोठ्या केसाळ मधमाश्या (बंबलबी) आत शिरून मकरंद घेतात. युरोपीय संघाने 2018 साली इमिडाक्लोप्रिडच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली ती मधमाश्यांच्या कारणानेच. शोभेच्या झाडासाठी मी हे औषध वापरत नाही आणि इतरांनाही सुचवत नाही. स्पिनोसॅडसुद्धा ओले असेपर्यंत मधमाश्यांना घातक असते, म्हणून ते फुले उमलण्याआधी आणि सूर्यास्तानंतरच फवारावे.

फुलकिड्यांचे लक्षण वेगळे असते. त्यांची लांबी जेमतेम एक-दीड मिलिमीटर. पिल्ले फिकट पिवळी, प्रौढ गडद. ते पानाचा पृष्ठभाग खरवडून रस घेतात, त्यामुळे पानांवर चंदेरी चट्टे पडतात आणि नंतर ते गंजल्यासारखे तपकिरी होतात. जपानी आयरिसवर त्यांचा त्रास विशेष होतो, कारण तिथे ते पानांच्या एकमेकांत गुंतलेल्या तळाशी राहतात आणि कोवळी पाने बाहेर येण्याआधीच खराब करतात. फुलांवर आले तर पाकळ्यांवर फिके ठिपके आणि जळलेल्या कडा दिसतात. खात्री करण्यासाठी पांढऱ्या कागदावर पंखा किंवा फूल झटकावे आणि बारीक रेघांसारखे जीव चालू लागतात का ते पाहावे. प्रादुर्भाव थोडा असेल तर खराब फुले काढून टाकणे आणि पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या फटींत मारणे पुरते. तो वाढलाच तर स्पिनोसॅड चालते, पण तेच औषध वारंवार वापरल्यास फुलकिड्यांत प्रतिकारशक्ती फार लवकर तयार होते, म्हणून मध्ये कीटकनाशक साबण किंवा निंबोळी अर्क वापरावा.

मावा दिसायला सर्वांत सोपा आणि समजायला सर्वांत अवघड आहे. कळ्यांवर, फुलदांड्यांवर आणि पानांच्या आतल्या बाजूला हिरव्या किंवा राखाडी रंगाचे मऊ किडे घोळक्याने बसतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि त्या स्रावासाठी मुंग्यांची रांग लागते; मुंग्यांची रांग दिसली की मी मावा शोधायला लागते आणि तो बहुतेक सापडतोच. ट्युलिपच्या कंदावरचा म्हणून ओळखला जाणारा एक मावा आयरिसच्या तळाशी आणि साठवलेल्या कंदांवरही राहतो, त्यामुळे डच आयरिसचे, म्हणजे कांद्यासारखा कंद असलेल्या प्रकाराचे, कंद साठवणीतून काढताना साली उचलून पाहावे. रस शोषल्याने झाडाचे होणारे नुकसान तसे किरकोळ असते. खरी भीती विषाणूंची असते. मोझॅक रोगात पानांवर फिकट-गडद हिरव्या उभ्या रेषा येतात आणि फुलाच्या रंगात पट्टे पडतात. मावा रोगट झाडाला सोंड लावून दुसऱ्या झाडावर बसला की काही क्षणांतच विषाणू पसरतो, आणि औषधाने मावा मरायच्या आत हे काम झालेले असते. म्हणून फवारणीने विषाणू थांबवता येत नाही. रोगट झाडाला इलाज नाही; ते कंदासकट उपटून टाकावे लागते, मग ते कितीही आवडते असो. माव्याची संख्या मात्र पाण्याच्या फवाऱ्याने आणि कीटकनाशक साबणाने सहज आटोक्यात येते, आणि माव्याला खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड), क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या व सिरफिड माशीच्या अळ्या दिसत असतील तर तेवढेही करू नये.

राहिलेल्या किडींवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. युरोपात पाणथळ जागी वाढणाऱ्या आयरिसवर एका सॉफ्लायच्या (माशीसारख्या दिसणाऱ्या कीटकाच्या) राखाडी अळ्या पानांच्या कडा खाऊन खोलगट खाचा पाडतात. त्या हाताने वेचाव्यात, झाड दगावत नाही. नागअळीच्या वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा कंद पोखरणाऱ्या अळीच्या रेघेशी गोंधळल्या जातात, पण त्या कोरड्या, बारीक असतात आणि पंख्याच्या तळापर्यंत जात नाहीत. गोगलगायी कीटक नव्हेत, परंतु कळ्या आणि पाने कुरतडण्यात त्यांचा वाटा मोठा असतो; चकाकणारा वाळलेला माग दिसला तर कीटकनाशक मारून काहीच होत नाही. तसेच फुलोऱ्यानंतर पानांवर येणारे लांबट, राखाडी मध्याचे आणि तांबूस काठाचे ठिपके बुरशीचे असतात. त्यांनाही उत्तम उपाय तोच, म्हणजे जुनी पाने काढून नेणे.

बियांपासून नवी रोपे करणाऱ्यांना एका सोंडकिड्याची ओळख हवी. हा सुमारे 5 मिलिमीटर लांबीचा काळसर भुंगा फुलांवर येतो, बीजकोशाला भोके पाडतो आणि आत अंडी घालतो. अळ्या आतल्या आत बिया खातात आणि शेंग उकलल्यावर प्रौढ बाहेर पडतात. शेंगेवर बुचासारखे खरखरीत फोड दिसले तर आत काय चालले आहे ते ओळखावे. बिया नको असतील तर कोमेजलेली फुले बीजकोशासह खुडून टाकली की प्रश्न मिटतो. बिया हव्या असतील तर हाताने परागीकरण झाल्याबरोबर बीजकोशावर पातळ जाळीदार कापडाची पिशवी बांधावी आणि शेंग पिकेपर्यंत ती काढू नये.

आयरिस एका बागेतून दुसऱ्या बागेत कंदांच्या रूपानेच जाते, त्यामुळे कीडही त्याच वाटेने जाते. खणणीच्या हंगामात कंद देताना किंवा घेताना मी त्यावरचे प्रत्येक वाळलेले पान सोलून काढते, हिरवी पाने एक वीत ठेवून कापते, कंद धुते, अंगठ्याने सगळीकडून दाबून पाहते आणि भोक, भुसा किंवा मऊ जागा आढळली तर तो कंद देत नाही व घेतही नाही. नव्याने आलेली झाडे पहिला पूर्ण हंगाम जुन्या वाफ्यापासून दूर, वेगळ्या जागी लावावीत, म्हणजे वसंतात पानांवरची रेघ आणि फुलोऱ्याच्या वेळी रंगातले पट्टे, दोन्ही तपासता येतात.